टाचेची चुंबळ

आपल्या आयाबहिणी डोक्यावर पाण्याचा हंडा घेतात. हंडा घेण्याआधी त्या काय करतात? जुन्या लुगड्याचा धडपा घेतात. त्याला पीळ देतात. त्याचे गोल वेटोळे करतात आणि ते डोक्यावर ठेवतात. त्याला आपण चुंबळ म्हणतो. चुंबळीवर मग हंडा बसतो.

चुंबळ दोन कामे करते. पहिले काम असे, की ती हंडा डोक्याला रुतू देत नाही. दुसरे काम असे, की ती हंड्याला डळमळू देत नाही.

आता असे समजा, की चुंबळीच्या जागी कापसाचा नुसता ढीग ठेवला. कापूस मऊ खरा. पण हंडा त्यात एका बाजूला दबेल आणि कलंडेल. बरे, कापसाऐवजी लाकडाचे कडे ठेवले तर? हंडा डळमळणार नाही, पण डोके ठणकायला लागेल. म्हणून चुंबळ मऊही पाहिजे आणि घट्टही पाहिजे.

आपल्या पायाच्या टाचेलाही अशीच चुंबळ लागते. ती म्हणजे वहाणेचा तळ. तो कसा असावा, आणि तो बरा नसेल तर काय होते, ते या धड्यात पाहू.

टाचेवर किती ओझे पडते?

थोडा हिशेब करू. पाटी आणि पेन्सिल घ्या.

मोठा माणूस एक किलोमीटर चालला, की त्याची साधारण १,४०० पावले पडतात. त्यांतली ७०० उजव्या पायाची आणि ७०० डाव्या पायाची. पाऊल टाकताना बहुधा टाच आधी जमिनीला टेकते. मग वजन चवड्याकडे सरकते. म्हणजे पहिला दणका टाच खाते.

एखाद्या बाईचे वजन ५० किलो आहे. एका पायावर ५० किलो असे ७०० वेळा पडले, तर किती झाले?

७०० × ५० = ३५,००० किलो.

१०० किलोंचा एक क्विंटल. म्हणजे ३५० क्विंटल! एका किलोमीटरला एका पायाने साडेतीनशे क्विंटल पेलले. डोक्यावर २० किलोंचा भारा असेल तर? मग ७०० × ७० = ४९,००० किलो, म्हणजे ४९० क्विंटल. शेत दोन किलोमीटर लांब असेल, तर जाऊन येऊन चार किलोमीटर होतात. चारने गुणा आणि तुम्हीच पाहा.

हे झाले चालण्याचे. धावताना तर प्रत्येक पावलाला वजनाच्या दुप्पट-तिप्पट दणका बसतो.

टाच हे कसे सोसते?

आपल्या एका पायाच्या पावलात २६ हाडे आहेत. त्यांत सर्वांत मोठे हाड टाचेचे. या हाडाखाली चरबीची एक गादी असते. ती सुमारे दीड ते दोन सेंटिमीटर जाड असते. ही चरबी सैल नसते. मधाच्या पोळ्यात जसे कप्पे असतात, तसे या गादीत बारीक कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात चरबी कोंडलेली असते. पाय टेकला की गादी दबते. पाय उचलला की पुन्हा फुगते. निसर्गाने दिलेली ही पहिली चुंबळ.

वय वाढले की ही गादी विरळ होते. तिची उसळी कमी होते. म्हणून पन्नाशी-साठीनंतर ओबडधोबड जमीन टाचेला जास्त जाणवते.

दुसरी एक गोष्ट लक्षात घ्या. ओला पाय फरशीवर ठेवा आणि उचला. ठसा पाहा. बहुतेकांच्या ठशात मधला भाग आतल्या बाजूने कोरडा राहतो. तेथे तळव्याला कमान असते. ही कमान ताणून धरायला टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक चिवट पट्टा असतो. धनुष्याला दोरी असते, तसा. रोज फार ताण पडला, तर हा पट्टा टाचेजवळ दुखावतो. मग टाच दुखू लागते.

माझी फजिती

हे सारे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. ज्याचे जळते त्यालाच कळते. माझी स्वतःची टाच दुखत होती.

मी ३४ वर्षे शाळेत शिकवले. फरशीवर उभे राहून शिकवले. निवृत्त झालो त्याच वर्षी उजवी टाच दुखू लागली. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकले, की टाचेत खिळा ठोकल्यासारखे व्हायचे. दहा-वीस पावले चाललो की जरा कमी व्हायचे. बसून पुन्हा उठलो की पुन्हा तेच.

शेजारी म्हणाले, "गुरुजी, तुमच्या टाचेत हाड वाढलंय." मी घाबरलो. प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. तिथल्या डॉक्टर बाईंनी पाय दाबून पाहिला. त्या म्हणाल्या, "हाड वाढलेलं पुष्कळांच्या फोटोत दिसतं. त्यातल्या कितीतरी जणांना काही दुखत नाही. तुमचा तळव्याचा पट्टा दुखावलाय. पायाला व्यायाम द्या. अनवाणी फिरू नका. चांगल्या तळाची वहाण घाला."

चांगल्या तळाची म्हणजे कसली? मी आपला बाजारात गेलो आणि सर्वांत मऊ चप्पल शोधून आणली. स्पंजासारखी. पाय ठेवला की आत जायचा. दुकानात फार बरे वाटले. पण पंधरा दिवसांत दुखणे वाढले. मला कळेना, एवढ्या मऊ चपलेने दुखणे का वाढावे?

मामांची शाळा

आमच्या गावात वहाणा करणारे एक जुने कारागीर आहेत. सगळा गाव त्यांना मामा म्हणतो. तरुणपणी ते एका कुष्ठरोग दवाखान्याच्या कारखान्यात वहाणा करायला होते. मी लंगडत चाललेला पाहून त्यांनी मला हाक मारली.

"गुरुजी, बसा असं. चप्पल काढा बरं."

त्यांनी चप्पल उलटी केली. मग सुलटी केली. टाचेच्या जागी अंगठा दाबला. अंगठा खालपर्यंत गेला.

"हे बघा, गुरुजी. ही इथं पार बसली. तुमची टाच आता चपलेवर नाही, भुईवरच पडतीय. आणि ही बाजू बघा, कशी कललीय. पाय रोज तिरका पडणार. मग आतला पट्टा जास्त ताणणार."

"पण मामा, मऊ असली म्हणजे बरी ना?"

मामा हसले. म्हणाले, "वहिनी घरात कणीक मळत्यात का न्हाई? परातीत गोळा दाबला की काय होतं?"

"पसरतो."

"आन् वाटीत दाबला तर?"

"वाटीबाहेर जात नाही."

"मग तसंच हाय. तुमच्या टाचेखाली चरबी हाय. सपाट चपलीवर ती बाजूला पसरती. हाडाखाली मग राहतं काय? टाचेला वाटी द्या. कडेनं धरून ठेवा. चरबी हाडाखालीच राहील. तुमचीच गादी तुमच्या कामाला येईल."

वाचकहो, मी सारा जन्म मुलांना शिकवले. त्या दिवशी मी मुलगा झालो आणि मामा गुरुजी झाले.

मामांनी वहाण कशी केली?

मामांनी कागदावर माझा पाय ठेवला आणि पेन्सिलीने आखला. मग तीन थर केले.

सर्वांत खाली टायरचा तुकडा. टायर कठीण असतो. काटा, काच, दगड त्यातून सहजी वर येत नाही. तो झिजतही लवकर नाही. आपल्याकडे शेतकरी टायरच्या वहाणा वापरतात, त्या याच कारणाने. पण नुसता टायर पायाला कठीण पडतो.

मधे जाड कातडे. याने वहाण मधेच दुमडत नाही. कमानीला आधार मिळतो.

सर्वांत वर बारीक छिद्रांचे मऊ रबर. ते आतून जाळीदार असते. जाळीत हवा असते. दाबले की दबते, सोडले की पुन्हा वर येते. ते स्पंजासारखे बसत नाही.

मग मामांनी रापी घेतली. टाचेच्या जागी रबर बेताने कोरले आणि उथळ वाटी केली. कडा जरा उंच ठेवल्या. टाचेखाली एक पाचर घालून टाच चवड्यापेक्षा सुमारे एक सेंटिमीटर उंच केली.

"ही उंची कशाला?" मी विचारले.

"पोटरीपासून टाचेला जाड शीर येती. टाच जरा उचलली की ती शीर ढिली पडती. तळव्याचा ताण कमी होतो. पण जादा उंच करायची न्हाई. मग सगळं वजन चवड्यावर जातं."

शेवटी मागून पट्टा लावला. म्हणजे वहाण पायातून निसटत नाही आणि ती धरायला बोटे आवळावी लागत नाहीत.

ही वहाण घालून मी दुसऱ्याच दिवशी पळू लागलो, असे मुळीच झाले नाही. डॉक्टर बाईंनी सांगितलेला व्यायाम रोज केला. सकाळी उठण्याआधी अंथरुणातच पायाची बोटे हाताने धरून नडगीकडे ओढायची, दहापर्यंत आकडे मोजायचे, मग सोडायची. असे दहा वेळा. दोन-अडीच महिन्यांनी दुखणे गेले.

ज्यांना दुखत नाही त्यांचे काय?

मी मामांना म्हणालो, "मामा, दुखणं फार वाईट हो."

मामा म्हणाले, "दुखणं वाईट न्हाई, गुरुजी. दुखतं म्हणून तर तुम्ही माझ्याकडं आलात. ज्यांना दुखतच न्हाई, त्यांचं काय?"

मला आमच्या गल्लीतल्या आबांची आठवण झाली. आबांना मधुमेह होता. मधुमेह म्हणजे रक्तात साखर वाढण्याचा आजार. एक दिवस आबा माझ्या ओट्यावर बसायला आले. उठून गेले तेव्हा ओट्यावर रक्ताचा ठसा उमटलेला दिसला. मी धावत जाऊन त्यांना थांबवले. त्यांच्या वहाणेतला एक खिळा वर आला होता. टाचेला भोक पडले होते. मी विचारले, "आबा, दुखत नाही का?" ते म्हणाले, "छे, काहीच नाही." दुखत नाही म्हणजे विशेष काही नाही, असा हिशेब आम्ही दोघांनी केला. हळद लावली आणि विसरलो.

तो हिशेब चुकला. जखम आतून चिघळली. पुढे आबांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ते वाचले. पण शेतावर पुन्हा गेले नाहीत. मी शिकलेला माणूस असून मला ते कळले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. म्हणूनच हा धडा मी लिहीत आहे.

वेल्लोरची विद्या

मामा जी विद्या शिकले, तिच्या मागे मोठी गोष्ट आहे. तमिळनाडूत वेल्लोर नावाचे गाव आहे. तेथे ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालय आहे. १९४६ साली पॉल ब्रँड नावाचे डॉक्टर तेथे काम करू लागले. त्यांचा जन्म १९१४ साली भारतातच, तमिळ मुलखातल्या डोंगराळ भागात झाला होता.

त्या काळी लोक म्हणत, कुष्ठरोगाने हातापायाची बोटे आपोआप झडतात. ब्रँड यांनी रोग्यांचे हातपाय बारकाईने पाहिले. त्यांना दिसले, की बोटे आपोआप झडत नाहीत. रोगाने नसा बधिर होतात. बधिर पायाला खडा टोचलेला कळत नाही. फोड आलेला कळत नाही. माणूस त्याच पायावर चालत राहतो. जखम होते, ती चिघळते आणि पाय जातो. म्हणजे पाय घालवणारी मुख्य गोष्ट जखम असते. जखम टाळली, तर पाय वाचतो.

मग प्रश्न आला वहाणेचा. बधिर पाय स्वतःला सांभाळू शकत नाही. त्याला वहाणेने सांभाळले पाहिजे. वेल्लोरला आणि जवळच्या करिगिरी येथे यावर पुष्कळ काम झाले. करिगिरीचे कुष्ठरोग केंद्र १९५५ साली सुरू झाले. अशा कामातून जी वहाण पुढे आली, ती मामांच्या वहाणेसारखीच. वर जाळीदार मऊ रबर, खाली कठीण तळ आणि मागे पट्टा. आणि एक कडक नियम : वहाणेत एकही खिळा नको. सारे चिकटवायचे आणि शिवायचे.

आज कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पाय बधिर झालेल्या कुष्ठरोग्यांना अशा वहाणाही सरकारी कार्यक्रमातून फुकट देतात. वेळेवर औषध घेतले, तर पाय बधिर होण्याची पाळी बहुधा येत नाही. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनाही डॉक्टर अशाच तळाची वहाण सांगतात.

वहाण घेताना काय पाहावे?

१. टाचेच्या जागी अंगठा जोराने दाबा. तळ थोडा दबला पाहिजे आणि लगेच वर आला पाहिजे. अंगठा खालपर्यंत गेला तर ती घेऊ नका. मुळीच दबला नाही तरी घेऊ नका.

२. टाचेला उथळ वाटी आणि उंच कडा आहे का ते पाहा.

३. वहाण दोन्ही हातांनी वाकवा. ती बोटांच्या मुळाशी वाकावी. मधेच वाकली तर कमानीला आधार नाही.

४. आत हात फिरवा. खिळा, गाठ, टोचणारी शिवण नको.

५. वहाण संध्याकाळी घ्या. दिवसभर चालून पाय थोडा फुगतो. सकाळी बरोबर बसलेली वहाण संध्याकाळी आवळते.

६. जुनी वहाण महिन्यातून एकदा उलटी करून पाहा. टाच एका बाजूला फार झिजली असेल तर तळ बदलून घ्या. वहाणेचा पट्टा शाबूत आहे एवढ्यावर समाधान मानू नका.

पायात सुन्नपणा, मुंग्या किंवा बधिरपणा असेल, तर रोज रात्री दिव्याजवळ बसून तळवे पाहा. स्वतःला दिसत नसेल तर घरच्यांना दाखवा. वहाण घालण्याआधी ती झटका आणि आत हात फिरवा. अनवाणी चालू नका. जखम दिसली तर ती दुखो वा न दुखो, त्याच दिवशी दवाखान्यात जा. टाच सुजली, लाल झाली, गरम लागली किंवा पडल्यापडल्याही रात्री दुखू लागली, तरी घरी उपाय करत बसू नका.

पागोटे आपण निरखून घेतो. लुगड्याचा काठ चार वेळा पाहतो. पण साऱ्या घराचे ओझे ज्या पायांवर चालते, त्यांची वहाण आपण घाईने उचलतो. येत्या बाजाराला वहाण घ्याल तेव्हा आधी तिच्या टाचेवर अंगठा दाबा. आणि आज रात्री घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे तळवे एकदा पाहा.

प्रश्न

१. चुंबळ कोणती दोन कामे करते? वहाणेचा तळ कोणती दोन कामे करतो?

२. गुरुजींनी मऊ चप्पल घेतली, तरी दुखणे का वाढले?

३. मामांच्या वहाणेला किती थर होते? प्रत्येक थराचे काम सांगा.

४. आबांची टाच दुखत नव्हती, तरी त्यांचा पाय का गेला?

५. तुमचे वजन ६० किलो आहे. तुम्ही एक किलोमीटर चाललात. एका पायावर एकूण किती क्विंटल ओझे पडले?

करून पाहा

घरातल्या सर्वांच्या ओल्या पायांचे ठसे फरशीवर घ्या. कोणाच्या ठशात कमान दिसते आणि कोणाचा ठसा सपाट येतो, ते वहीत लिहा. मग प्रत्येकाची वहाण उलटी करून टाच कोणत्या बाजूला झिजली आहे, तेही त्यापुढे लिहा.